घाम आणि घास: जालना जिल्ह्याच्या आरोग्याचा आढावा

गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात आरोग्याचा विषय निघाला की गप्पा हमखास एका प्रश्नावर येऊन थांबत. दीक्षित की दिवेकर? डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांचा धागा पकडून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी सांगितलं, की दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं सांगणं वेगळं होतं. थोडं थोडं आणि वेळच्या वेळी खा, आपल्या मातीतलं खा, तुपाला घाबरू नका. दीक्षित लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत असल्यामुळे या पट्ट्यात त्यांचं म्हणणं घरोघरी पोचलं. जालन्यातही व्यापारी, शिक्षक, बँकेतली माणसं पहाटे मोतीबागेकडे चालायला निघू लागली. कित्येकांची पोटं उतरली, साखर आटोक्यात आली. हे मोलाचं काम झालं आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

पण हा सगळा वाद भरल्या ताटापुढे बसलेल्यांचा होता. किती वेळा खावं, हा प्रश्न ज्याला पडतो त्याच्या घरात खायला पुरेसं असतं. त्याच पहाटे मोतीबागेपासून पंधरा-वीस किलोमीटरवर बदनापूर किंवा अंबड तालुक्यात कापूस वेचायला निघालेल्या बाईला ४५ मिनिटं चाला असं सांगणं निरर्थक आहे, आणि दोनदाच जेव असं सांगणं क्रूर आहे. ती एरवीही दोनदाच जेवते. व्यायाम आणि आहार यांच्या फायद्यांचा आढावा जालन्यात घ्यायचा तर या दोन माणसांना एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवावं लागतं. दोघांचा आजार वेगळा दिसतो, मूळ मात्र एकच आहे. शरीर किती राबतं आणि त्याला काय मिळतं, यांचा मेळ दोघांच्याही आयुष्यात बसलेला नाही.

१ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांचा भाग घेऊन जालना जिल्हा झाला. तालुके आठ, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेएकोणीस लाखांच्या वर, आणि त्यातले पाचापैकी चार जण खेड्यात राहणारे. शहरात लोखंडी सळयांचे कारखाने आणि बियाण्यांच्या कंपन्या. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको सुरू केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रातून बीडीएन ७११, बीडीएन ७१६ हे तुरीचे वाण निघाले. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. देशाला बियाणं, डाळ आणि फळ पुरवणारा हा जिल्हा आहे. अशा जिल्ह्यातल्या बायकांच्या आणि पोरांच्या ताटात काय पडतं, हा या लेखाचा खरा विषय.

आधी ज्याबद्दल फारसा वाद नाही ते पाहू. शरीर हलतं ठेवल्याने माणूस निरोगी राहतो, हे आपल्याकडे तालमीतल्या वस्तादालाही ठाऊक होतं, पण त्याचा मोजून दिलेला पुरावा पहिल्यांदा आला तो बसमधून. १९५३ मध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. पगार आणि राहणीमान जवळपास सारखं, फरक एवढाच, की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत. हृदयविकाराचं प्रमाण ड्रायव्हरांत स्पष्टपणे जास्त निघालं. त्यानंतर सत्तर वर्षं जगभर अभ्यास होत राहिले. नियमित हालचालीने हृदयविकार, पक्षाघात, टाइप दोनचा मधुमेह, उच्च रक्तदाब, आतड्याचा आणि स्तनाचा कर्करोग यांचा धोका कमी होतो, नैराश्य हलकं होतं, झोप सुधारते आणि म्हातारपणी पडून हाड मोडायची भीती घटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलेलं माप असं: मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं जरा दम लागेल अशी हालचाल करावी, शिवाय किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम, मुलांनी रोज सरासरी तासभर खेळावं.

यातला ताकदीचा व्यायाम आपल्याकडे विसरला जातो. चालणं म्हणजेच व्यायाम, असं समीकरण झालं आहे. पण रक्तातली साखर सर्वांत जास्त वापरतात ते स्नायू. काम करणारा स्नायू साखर आत ओढून घेताना इन्सुलिनवर कमी अवलंबून असतो, म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी साखर कमी चढते. स्नायूच बारीक असतील तर ही साखर जाणार कुठे? जोर, बैठका, सूर्यनमस्कार यांचं मोल इथे आहे. बलोपासनेसाठी गावोगाव मारुती स्थापन करणारे समर्थ रामदास याच जिल्ह्यातल्या, घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे. त्यांच्या मुलखात बैठका मारायला कुणी लाजू नये.

भारतातला पुरावाही भक्कम आहे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ आहार आणि हालचाल सुधारल्याने तीन वर्षांत मधुमेह होण्याचा धोका २८ टक्क्यांच्या आसपास कमी झाला, म्हणजे मेटफॉर्मिनच्या गोळीइतकाच. गोळीला पैसे पडतात, चालायला पडत नाहीत. उलट दिशेचं चित्रही मोजलेलं आहे. पुरेशी हालचाल न करणारे भारतीय प्रौढ २००० साली २२ टक्के होते, २०२२ मध्ये हे प्रमाण वाढून जवळपास ५० टक्क्यांवर पोचलं, आणि त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी पाहणीनुसार ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे आणि ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब. हा आता शहरापुरता आजार उरलेला नाही. भोकरदनच्या आठवडी बाजारात औषधाच्या दुकानासमोर उभं राहिलं तरी ते कळतं.

आता कापूस वेचणाऱ्या बाईकडे वळू. तिच्याबद्दल नेहमी म्हटलं जातं, की तिला व्यायामाची काय गरज, ती दिवसभर राबतेच की. या वाक्यात मोठी चूक दडलेली आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ठरवलेल्या गरजेनुसार बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला १,६६० किलोकॅलरी लागतात, मध्यम कष्टाच्या बाईला २,१३० आणि जड कष्ट करणाऱ्या बाईला २,७२०. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यातला फरक हजाराहून अधिक आहे, म्हणजे चार-पाच भाकरी. शिवाय पाळी येणाऱ्या बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह हवं, पुरुषाला १९. आता तिचा दिवस बघा. अंधारात उठून पाणी, झाडलोट, सगळ्यांच्या भाकरी. मग कमरेला ओटी बांधून वेचणी. वेचणीची मजुरी किलोवर असते, दिवसावर नसते; त्यामुळे पाठ टेकली की मजुरी बुडते. दुपारी फडक्यातली भाकर, ठेचा, जमलं तर कोरड्यास. संध्याकाळी परत चूल, आणि सगळे जेवून उठल्यावर पातेल्यात जे उरेल ते तिचं. त्यावर एकादशी, चतुर्थी, नवरात्राचे उपास, उपाशीपोटी घेतलेला गोड चहा, आणि काही घरांत दाताला लावायची मिश्री. जेवढं खर्च होतं तेवढं तिच्या शरीरात कधी जमाच होत नाही.

कष्ट आणि व्यायाम यांत फरक आहे, हे शास्त्रानेही मांडलं आहे. डेन्मार्कमधल्या आंद्रेआस होल्टरमन यांच्या गटाने कोपनहेगनच्या एक लाखाहून अधिक लोकांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. मोकळ्या वेळात हालचाल करणाऱ्यांत हृदयविकार आणि अकाली मृत्यू कमी आढळले. कामावर जड अंगमेहनत करणाऱ्यांत ते जास्त आढळले. व्यायाम आपण हवा तेव्हा थांबवतो आणि नंतर विसावा घेतो. मजुरीत ती सोय नाही. तासन् तास वाकून किंवा वजन पेलून राहिल्याने रक्तदाब चढलेला राहतो, झीज भरून यायला वेळ मिळत नाही. गरिबी, तंबाखू, अपुरे उपचार यांचाही वाटा त्यात असणार, त्यामुळे सगळेच तज्ज्ञ हा निष्कर्ष पुरता मान्य करत नाहीत. पण रोलिंग मिलच्या भट्टीसमोर उन्हाळ्यात उभा राहणारा कामगार किंवा उसाच्या मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवणारी बाई पाहिली, की या निष्कर्षावर अविश्वास दाखवायचं मला तरी कारण दिसत नाही. आपल्या जुन्या वैद्यकातही हे भान होतं. वाग्भटाने व्यायाम सांगितला तो अंगात बळ असलेल्या आणि स्निग्ध अन्न खाणाऱ्या माणसाला, आणि तोही अर्ध्या शक्तीने.

याचा सर्वांत ठोस पुरावा महाराष्ट्रातल्या खेड्यांतून आला आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. गरोदरपणात ज्यांच्यावर शेतीचं आणि घरचं काम जास्त होतं त्यांची बाळं लहान जन्मली. ज्यांच्या खाण्यात हिरव्या पालेभाज्या आणि फळं वरचेवर होती, स्निग्ध पदार्थ आणि दूध होतं, त्यांची बाळं आकाराने मोठी होती. इथे हालचाल वाढवा हा सल्ला उलटा ठरतो. सातव्या महिन्यातल्या बाईला विसावा हेच औषध आहे, आणि तिच्या ताटातल्या मेथीला टॉनिकाच्या बाटलीइतका मान मिळायला हवा.

याच अभ्यासातून निघालेली दुसरी गोष्ट जालन्यासाठी आणखी महत्त्वाची आहे. पुण्याकडच्या या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो होतं, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं हडकुळी होती, स्नायू कमी होते, पण त्यांची चरबी त्या प्रमाणात घटलेली नव्हती. बारीक दिसणारं, तरीही आत चरबी राखून असलेलं असं हे बाळ. २००४ मध्ये लॅन्सेट नियतकालिकात याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं शेजारी शेजारी छायाचित्र आलं. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. युडकिन धावणारे होते हे खरं, पण मुद्दा तेवढ्याने संपत नाही. वजनकाट्यावर सडसडीत ठरणारा मराठी माणूस आतून मधुमेहाच्या वाटेवर असू शकतो. म्हणून आपल्याकडे वजनापेक्षा कंबर मोजणं शहाणपणाचं: पुरुषाची ९० सेंटिमीटरपेक्षा आणि बाईची ८० पेक्षा जास्त भरली, तर साखर तपासून घ्यावी.

आता जालन्यातल्या एखाद्या घराच्या तीन पिढ्या डोळ्यांपुढे आणा. आजी दुष्काळात खडी फोडून जगली. आई गरोदरपणात निंदणी-वेचणी करत राहिली. मुलगा कमी वजनाचा जन्मला, शिकला, आणि आता शहरात बियाण्याच्या गोदामात हिशेब लिहितो किंवा सळयांच्या ट्रकांची नोंद ठेवतो. जायला-यायला मोटरसायकल, दिवसभर खुर्ची, दर तासाला चहा, सोबत वडापाव किंवा कचोरी. आईच्या पोटात उपाशी राहिलेल्या त्याच्या शरीरावर आता जास्तीच्या खाण्याचा भार पडतो. चाळिशीच्या आत त्याला मधुमेह झाला तर त्यात त्याच्या एकट्याच्या आळसाचा दोष काढणं मला अन्यायाचं वाटतं. मोतीबागेतला माणूस आणि कापसातली बाई यांचं मूळ एकच आहे असं वर म्हटलं, ते या अर्थाने. मधुमेहाविरुद्धची लढाई चाळिशीतल्या चालण्यापासून सुरू होत नाही. ती मुलगी न्हाती होते तेव्हा तिच्या ताटात काय वाढलं जातं तिथून सुरू होते.

आणि या ताटाची कथा गेल्या पन्नास वर्षांत पार बदलली. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर मजुरांना सुकडी वाटली, रेशनवर मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी खाऊन लोकांनी दिवस काढले. त्या वयाची माणसं आजही त्या चवीची आठवण काढतात. त्याआधी आणि नंतरही काही काळ या भागाचं मुख्य अन्न ज्वारी-बाजरी, सोबत तूर, मूग, उडीद, हुलगे, मटकी. शेतातच करडई, जवस, कारळं आणि तीळ. बांधावर तांदुळजा, घोळ, पाथरी, शेतात अंबाडी आणि हरभऱ्याचा पाला. हे सगळं विकत घ्यावं लागत नसे. पुढे कपाशी वाढली, मग सोयाबीन आलं. शेतकऱ्याने ते निवडलं कारण हातात पैसा हवा होता, आणि त्याला दोष देता येत नाही. पण खरिपाची ज्वारी शेतातून गेली तशी तिच्याबरोबरची आंतरपिकं गेली, तणनाशकाने बांधावरची भाजी गेली. रेशनवर मुख्यतः गहू आणि तांदूळ मिळाला. सोयाबीन चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं बाळगणारं धान्य आहे, पण ते पिकवणाऱ्याच्या स्वयंपाकघरात येत नाही; बाजार समितीत जातं आणि डब्यातलं तेल होऊन परततं.

त्या काळाला सुवर्णयुग म्हणायची माझी तयारी नाही. तेव्हा भूक होती, बाळंतिणी मरत होत्या. तरीही भाकरी, घट्ट वरण, पालेभाजी, शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी आणि ताक हे ताट आजच्या कोणत्याही आहारतज्ज्ञाने मान्य करावं असं आहे. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, डाळीत ते भरपूर असतं; दोन्ही एकत्र आली की प्रथिन पुरं होतं. अडचण एवढीच, की ताटात भाकरी राहिली आणि वरण पातळ होत गेलं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना नेमकं हेच सांगतात. एकूण ऊर्जेपैकी धान्यातून ४५ टक्क्यांपेक्षा जास्त येऊ नये, डाळी, दूध, अंडी, भाज्या, फळं वाढावीत. भाज्या-फळं मिळून रोज ४०० ते ५०० ग्रॅम, मीठ पाच ग्रॅमच्या आत. देशातल्या निम्म्याहून अधिक आजारभाराचा संबंध त्यांनी चुकीच्या आहाराशी जोडला आहे.

पोरांच्या हातातल्या पाच रुपयांच्या पाकिटाबद्दल वेगळं सांगायला नको. मजुरीला जाताना रडणाऱ्या लेकराला शांत करायचा तो सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्याच पाच रुपयांत मूठभर शेंगदाणे-गूळ येतो, पण तो टांगलेल्या चकचकीत माळेत दिसत नाही.

लोहाचा प्रश्न मला या जिल्ह्यात सर्वांत तातडीचा वाटतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत रक्तक्षयाचं प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ५४.२ टक्के झालं. पाच वर्षांखालच्या मुलांत ते ६८.९ टक्के आहे. रक्त कमी असलेल्या बाईला दोन जिने चढले तरी धाप लागते. तिच्याकडून व्यायामाची अपेक्षा धरण्याआधी रक्त भरावं लागतं. गोळ्या हव्यातच, पण स्वयंपाकघरातही बरंच करता येतं. भाकरी-भाजीतलं लोह शरीरात शोषलं जायला क जीवनसत्त्वाची मदत होते. जेवताना लिंबू पिळलं, आवळा खाल्ला, जेवणावर मोसंबीच्या चार फोडी खाल्ल्या तर फरक पडतो. जेवणाबरोबर घेतलेला चहा नेमकं उलटं करतो. मोसंबीच्या जिल्ह्यात मोसंबी फक्त आजाऱ्याला भेटायला जाताना घेतली जाते, ही सवय मोडायला हवी.

इथे बियाण्यांच्या जालन्याचाही संबंध येतो. बाजरीचा धनशक्ती हा जास्त लोह असलेला वाण महाराष्ट्रात २०१२ मध्ये आला. जास्त लोहाच्या बाजरीवरचा एक अभ्यास अहमदनगर जिल्ह्यातल्या १२ ते १६ वर्षांच्या मुलामुलींवर झाला. त्यांना सहा महिने अशा बाजरीची भाकरी रोज दोनदा दिली. लोहाची कमतरता असलेल्या मुलांची कमतरता साध्या बाजरीच्या तुलनेत लवकर भरून निघाली, आणि पुढच्या विश्लेषणात लक्ष आणि स्मरणशक्तीही सुधारलेली दिसली. २०१८ मध्ये परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या मदतीने परभणी शक्ती हा लोह आणि जस्त जास्त असलेला ज्वारीचा वाण दिला. गोळी विसरते, भाकरी विसरत नाही. ज्या शहराने देशाला संकरित बियाणं पुरवलं त्या शहराने आपल्या आठ तालुक्यांत असं बियाणं रास्त भावात पोचवणं अवघड नाही, आणि जिल्हा परिषदेने ते धान्य अंगणवाडीसाठी खरेदी केलं तर शेतकऱ्यालाही पेरायला कारण मिळेल.

सरकारी प्रयत्नांबद्दल आपल्याकडे निराशेचा सूर असतो, पण मराठवाड्याचा अनुभव त्याला छेद देतो. २००२ च्या सुमारास औरंगाबादचे विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांनी विभागातल्या प्रत्येक मुलाचं वजन खरोखर घेतलं जावं आणि खरं नोंदवलं जावं, असा आग्रह धरला. तोवर कागदावर कुपोषण कमी दिसावं म्हणून आकडे दाबले जात. खरं वजन लिहिणाऱ्या अंगणवाडीताईला शिक्षा होणार नाही, एवढी हमी दिल्यावर खरी मुलं सापडू लागली, आणि मग त्यांच्यावर उपचार सुरू झाले. त्यातूनच २००५ मध्ये औरंगाबादेत राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभं राहिलं. देशातलं अशा प्रकारचं ते पहिलं मिशन. पुढे गर्भारपणापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या हजार दिवसांवर भर दिला गेला. राज्यातल्या दोन वर्षांखालच्या मुलांत खुरटेपणाचं प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होतं, २०१२ च्या पाहणीत ते २४ टक्क्यांच्या आसपास आलं.

त्यानंतर गाडी अडली. पाच वर्षांखालच्या मुलांतला खुरटेपणा २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होता आणि २०१९-२१ मध्ये ३५.२. त्यामागे एकच कारण नाही. २०१२-१३ च्या दुष्काळाने जालन्यात मोसंबीच्या बागा वाळल्या, त्यापाठोपाठ आणखी दुष्काळ आले. दिवाळीनंतर अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांबरोबर लेकरंही जातात. अंगणवाडीच्या पटावर त्यांचं नाव राहतं आणि लेकरू फडावर असतं. बालविवाहाचं प्रमाण जास्त असलेल्या जिल्ह्यांत जालना आहे, आणि सतराव्या वर्षी आई झालेल्या मुलीचं स्वतःचंच शरीर अजून वाढत असतं. त्यात धोरणाची धरसोड. शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं किंवा केळं देण्याचा निर्णय राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा निधी थांबवला. ज्या मुलांना घरी अंडं मिळत नाही त्यांच्या ताटातून ते काढणं चूक होती. ते परत सुरू व्हावं. जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना शेंगदाणा-गुळाचा लाडू आणि दूध द्यावं.

खेळाबद्दल थोडक्यात. जालना खेळात मागे नाही. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा जालन्यात झाली, बाला रफिक शेख यांनी अभिजीत कटकेला हरवून गदा जिंकली आणि ती कुस्ती बघायला माणसांचा पूर लोटला. जालन्याचा विजय झोल १९ वर्षांखालच्या भारतीय क्रिकेट संघाचा कर्णधार होऊन २०१४ ची विश्वचषक स्पर्धा खेळला. पण हजारो प्रेक्षक आणि एक खेळाडू यांच्यामुळे जिल्ह्याचं आरोग्य सुधारत नाही. त्यासाठी प्रत्येक पोराला आणि विशेषतः प्रत्येक पोरीला रोज धावायला जागा लागते. मुली सातवी-आठवीपर्यंत खो-खो, कबड्डी, लंगडी खेळतात. न्हाणं आलं की घरचे मैदान बंद करतात. हाडं भक्कम होण्याची हीच वर्षं असतात. शाळेच्या मैदानाला कुंपण, मुलींसाठी स्वच्छतागृह आणि खेळ शिकवणारी एक बाई शिक्षिका, इतकं असलं तरी बऱ्याच मुली खेळत राहतील. नगरपालिका आणि ग्रामपंचायती ओपन जिमची लोखंडी यंत्रं बसवतात. त्या पैशातून एक सपाट, उजेड असलेलं मैदान केलं तर जास्त माणसं वापरतील.

या सगळ्यातून माझं मत असं झालं आहे, की चाला आणि कमी खा हा सल्ला जिल्ह्यातल्या बैठ्या लोकांपुरता ठेवावा, आणि त्यांनी तो मनापासून पाळावा: जेवणानंतर चालणं, आठवड्यातून दोन दिवस जोर-बैठका, चहातली साखर निम्मी, भात-पोळी कमी आणि वरण-उसळ जास्त. ज्यांची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण सोडू नये. राबणाऱ्यांसाठी सल्ल्याचा क्रम उलटा हवा. आधी पोटभर आणि प्रथिनं-लोह असलेलं अन्न, मग दुपारचा विसावा, गरोदरपणात हलकं काम, आणि त्यानंतर ताठरलेली पाठ सैल करणारे दहा मिनिटांचे ताण. यातल्या पहिल्याची सुरुवात घरातच होते आणि तिला खर्च नाही: बायकांनी शेवटी जेवायची रीत बंद करायची, सगळ्यांनी एकत्र बसायचं.

तुमच्या घरातल्या तिशी ओलांडलेल्या प्रत्येक माणसाचं हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि साखर वर्षातून एकदा तपासून घ्या, बायकांची आधी. या तपासण्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होतात, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. कापसाची वेचणी संपायची वाट बघू नका, येत्या बाजाराच्या दिवशीच जाऊन या.